कोपऱ्यातलं पाचवं पिंप

१२ जून, मंगळवार

माझ्या बायकोला, बिद्याला, ऑकलंडला जाऊन आज आठवडा झाला. लेकीचं बाळंतपण आहे, म्हणजे चार महिने तरी परत येत नाही. विमानतळावर बजावून गेली, "रिटायर झालात म्हणून घराची प्रयोगशाळा करू नका." घराची नाही केली. बैलांच्या गोठ्याची केली.

ही वही शाळेच्या कपाटात उरलेली. केमिस्ट्रीचं जर्नल. तेहतीस वर्षं पोरांच्या कानीकपाळी ओरडत आलो, आकडा दिसेल तोच लिहा, हवा असेल तो नाही. आता स्वतःवर पाळी आली आहे.

काम असं आहे. उसाचं पाचट आमच्याकडे पेटवून देतात, बहुतेक जण तर ऊस उभा असतानाच. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत आमच्या बेटावरचं हे अख्खं सेआंगांगा गाव काळ्या राखेत न्हातं आणि बायका दोरीवरच्या कपड्यांच्या नावाने शिव्या घालतात. त्या पाचटाचं मला स्पिरिट करायचं आहे, चुलीत नि पंपात जळेल असं. पाचटात साखर असतेच, फक्त तिला कुलूप असतं. ते उघडणारी हिरवी बुरशी मला शाळेमागच्या कुजक्या ओंडक्यावर सापडली. तीन वर्षं ती मी बरण्यांत वाढवतो आहे. बुरशी पाचटाची साखर करणार, यीस्ट साखरेचं स्पिरिट करणार. आज पाचट उकळून पाच पिंपं भरली. चार दाराजवळ ओळीने ठेवली. पाचव्याला जागा उरली नाही. ते गव्हाणीपलीकडे कोपऱ्यात आहे, गव्हाण ओलांडून जावं लागतं.

माई दारात उभी राहून बघत होती. माझी आई. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे.

"आत काय भरलंस?"

"जिवंत जीव आहेत, माई. डोळ्यांना दिसत नाहीत. पाचट खातात."

"नुसतं पाचट?"

"नुसतं."

"आपला लालू बैल आहे बैल, तोसुद्धा वर मळी ओतल्याशिवाय पाचटाला तोंड लावत नाही."

मला हसू आलं. शाळेचं तोंड बघितलं नाही, पण म्हातारीचं निरीक्षण चोख आहे. संध्याकाळी रामायण मंडळी आमच्याकडे होती. मंडळी गेल्यावर तिने चार पिंपांना शेंदूर लावला. 

१९ जून

आपटलो.

गाळून एकेका पिंपातून सहाशे मिलिलिटर स्पिरिट. कुठे पाचशे ऐंशी, कुठे सहाशे वीस. कागदावर चार लिटर येतात! पिंपांना बुडबुडेसुद्धा धड नव्हते. तीन वर्षांच्या बरण्या, आणि हे. गोठ्यात डोकं धरून किती वेळ बसलो कुणास ठाऊक. मागे माई कधी येऊन उभी राहिली ते कळलं नाही.

"पहिलटकरणीला दूध कमीच असतं, बाबू. ऊठ, रोटी गार होते आहे."

मी तिच्यावर खेकसलो. वाईट वाटलं, पण खेकसलो.

पिंपं पुन्हा भरली. हे आकडे धरायचे नाहीत. शिकाऊपणातल्या चुका आहेत.

३० जून

अडीच लिटर! एका पिंपातून अडीच, दुसऱ्यातून दोन चारशे, तिसऱ्या-चौथ्यातून पुन्हा अडीच! अक्षर वाकडं येतं आहे, येऊ दे. तिसऱ्या दिवसापासूनच चौघांना असा फेस चढला होता की झाकणं उचलली जात होती. रंगसुद्धा कसा काळसर आला, पाचटाचा सगळा कस उतरला म्हणायचा. काय बदललं, विचार करतो आहे. माझ्या मते बुरशी आता रुळली.

पाचवं मात्र ढिम्म. सहाशे. रंग फिकट, फेस नाही. त्याला मी आळशी असं नाव ठेवलं.

स्पिरिटच्या चुलीवर माईला चहा करून दिला. निळी ज्योत, धूर नाही. तिने घोट घेतला आणि पिंपांकडे अशा मायेने बघितलं, जणू नातवंडंच.

विली येऊन गेला. विलियामे, आमच्या ऊसतोडीच्या टोळीचा सरदार, माझा शाळेपासूनचा सोबती. त्याने बाटलीचा वास घेतला.

"मास्टर, पिता येतं?"

"आंधळा होशील."

"तुझ्यासारखा?" आणि स्वतःच्याच विनोदावर गोठा हलेपर्यंत हसला. आमचं असंच असतं.

८ जुलै

राजधानीहून, सुवाहून, लितियाचा फोन आला. माझी विद्यार्थिनी, आता तिथल्या सरकारी प्रयोगशाळेत आहे. स्पिरिट गाळायच्या भट्टीचा परवानाही तिनेच मिळवून दिला होता. म्हणाली, "सर, हे आकडे खरे टिकले तर पुढच्या हंगामाआधी तुमच्याकडे छोटा कारखाना उभा राहू शकतो. पाचट, बुरशी, कृती, सगळं पाठवा. आम्ही इथे करून बघतो." मी त्याच दिवशी पेटी रवाना केली.

आज रविवारी टोळीची बैठक झाली. अकरा शेतं, चौदा तोडणारे. मी म्हणालो, ह्या हंगामात पेटवू नका, पाचट मला द्या, पुढच्या वर्षी कारखाना इथेच येईल आणि तुमची पोरं ऑस्ट्रेलियात फळं तोडायला जाणार नाहीत. कुणी तयार होईना. बिनजाळलेला ऊस तोडणं म्हणजे पानांनी हात चिरणार, गांधीलमाश्या चावणार, दिवसाला निम्मंच काम होणार. तेव्हा विली उठला. "ह्या माणसाने आपल्यापैकी कुणाला कधी फुकटचा एक मार्क दिला आहे का?" सगळे हसले. "मग? तो अडीच म्हणतो, म्हणजे अडीच." ठरलं.

आज गोठ्यात आणखी एक साक्षीदार मिळाला. पिंपांच्या बुडाशी मुंग्यांची रांग! एक नाही, चार रांगा. झाकणाच्या कडेने चिकट ओघळ, त्यावर मुंग्या. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पाचटातून साखर सुटते आहे हे मुंग्यांना कळलं, ते सुवाला कळायला किती वेळ लागणार. आळशीकडे एकही मुंगी फिरकत नाही.

२२ जुलै

नात झाली! साडेतीन किलो. बिद्या फोनवर रडतही होती आणि हिशेबही विचारत होती. मळीचं पिंप संपलं, दुसरं मागवलं, असं मी सांगितल्यावर एकदम थांबली.

"ते तीन महिने जातं. मी जायच्या आदल्या दिवशी नवं फोडलं होतं."

"लालू खातो फार."

"लालू तोच, तोंड तेच. कुठे गळतं आहे का बघा."

बघितलं, कुठे गळत नाही. बाईमाणसाला परदेशात बसून मळीची काळजी. माईला विचारलं तर म्हणाली, "खाणारी तोंडं वाढली की लागणारच." शेजारच्या आत्याबाईंचे दोन बैल सध्या आमच्याकडे चरायला असतात, ते खरंच आहे.

विलीने आज जे केलं ते नीट लिहून ठेवतो. त्याने आपल्या कुळापुढे देवमाशाचा दात ठेवला. आजोबांपासून घरात असलेला. दात ठेवून माझ्यासाठी ओढ्याकाठची दोन एकर जागा मागितली, आणि वडीलधाऱ्यांनी ती दिली. इथल्या मूळ लोकांच्या रीतीत दात ठेवून मागितलेलं आणि दात घेऊन दिलेलं परत फिरत नाही. मी त्याला म्हणालो, अरे एवढी घाई कशाला. म्हणाला, "आकडे तुझे, शब्द माझा."

५ ऑगस्ट

लितियाचं पत्र. तीनदा वाचलं.

"सर, तीन वेळा करून पाहिलं. तुमच्या पिंपाच्या मापाने सहाशे ते साडेसहाशेच येतं आहे. अडीच लिटर एकदाही नाही."

  तेहतीस वर्षांत माझ्या आकड्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि ठेवलं ते मीच टायट्रेशन शिकवलेल्या मुलीने.

७ ऑगस्ट

त्यांचं पाणी खराब असणार. सुवाच्या पाण्यात क्लोरीन किती! बुरशी प्रवासात मेली असेल. उकळलं कमी असेल. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. फोन करून तिला म्हणालो, तू स्वतः ये, माझ्या गोठ्यात माझ्या पिंपांसमोर उभी राहा. म्हणाली, "येते, सर. एक सप्टेंबरला. तुम्ही खरे ठरावात असंच मला वाटतं." तो आवाज मला आवडला नाही. पेशंटच्या नातेवाइकाशी डॉक्टर बोलतात तसा.

विलीला सांगितलं. त्याच्या हातांवर पानांनी चिरलेल्या रेघा आहेत, कोपरापर्यंत. म्हणाला, "येऊ दे. बघेल आणि जाईल."

२१ ऑगस्ट, मंगळवार

हे मी का लिहितो आहे? न लिहून चालणार नाही म्हणून.

रोज माई उठते तेव्हा मी झोपलेला असतो. आज पहाटे पोटात कळ आली म्हणून लवकर उठलो. परत येताना गोठ्यात खुडबुड ऐकू आली. वाटलं लालूने दावं तोडलं. दाराशी गेलो.

माई होती. हातात पितळेचा लोटा. मळीच्या पिंपातून तो भरला, काठ बोटाने निपटला, आणि पहिल्या पिंपाचं झाकण उचलून आत ओतला. हळूहळू, धार न तोडता. वर म्हणत होती, "खा, खा. पोटभर खा." मग दुसरा लोटा, दुसरं पिंप. तिसरा. चौथा. चौथं झाकण लावून ती गव्हाणीशी आली, पलीकडे कोपऱ्यात बघितलं, एक पाय उचलून पाहिला आणि गुडघा धरून मागे फिरली. "तुला कसं देऊ रे," म्हणाली. पाचव्याला.

 मी चौकट धरून उभा राहिलो. मुंग्या. काळा रंग. फेस. मळीचं पिंप दीड महिन्यात. नुसतं पाचट? नुसतं. सगळं मीच ह्या वहीत लिहिलं आहे! माझ्याच अक्षरात आहे! मुंग्यांना कळलं, बिद्याला दोन हजार किलोमीटरवरून कळलं, बी.एस्सी. झालेल्या मास्टरला कळलं नाही.

अडीच लिटर माझ्या बुरशीचे नाहीत. साखर कारखान्यातून आणलेल्या मळीचे आहेत. मळीचं स्पिरिट तर कुणीही काढतो.

तिने मला पाहिलं नाही. मी आत येऊन अंथरुणावर पडलो आणि झोपल्याचं सोंग केलं. ती चहा घेऊन आली तेव्हा मी डोळे चोळत उठलो. वय वर्षं छप्पन्न.

२३ ऑगस्ट

तिला रागवायला हवं. पण काय म्हणून? जिवंत जीव आहेत असं मीच सांगितलं. तिच्या दारात जिवंत जीव आणि उपाशी, हे तिला झेपणार होतं का? गोगलगायीला मीठ घालू देत नाही ती. पहिल्या वेळी मी डोकं धरून बसलो, तेव्हापासून घालते आहे.

विलीला सांगायला हवं. आज तो आला होता, जागेवरची झाडं कधी तोडायची विचारत होता. मी म्हणालो, बघू.

लितियाला तर लगेच फोन करायला हवा. उद्या करतो.

२६ ऑगस्ट

फोन केला नाही. तपासणीची पिंपं आज भरली. माईने विचारलं, "पाहुणी येणार ती ह्याच पिंपांसाठी?" मी हो म्हणालो. तिने पदर खोचला.

तिला काही बोललो नाही. ह्या वयात म्हातारीचं मन कशाला दुखवायचं? शिवाय मी स्वतः तर पिंपात काही घालत नाही. माझी कृती वहीत आहे तशीच आहे, अक्षरही बदललेलं नाही. आणि कारखाना एकदा आला की तिथे मोठी माणसं असतील, मोठी यंत्रं असतील, ते काढतील अडीच. नाहीतरी सगळे शोध असेच लागतात, आधी थोडं इकडेतिकडे होतं.

३१ ऑगस्ट

मळीच्या पिंपाचं झाकण बिजागरीला घट्ट झालं होतं, तिच्या हाताला उघडायला जड जात असेल. आज त्याला तेल लावलं. करायचंच होतं ते काम.

१ सप्टेंबर, शनिवार

लितिया आठच्या बसने येणार होती. ती आदल्या रात्रीच लंबासा शहरात उतरली होती, विलीने तिला तिथून स्वतःच्या गाडीतून सहालाच आणून सोडलं. माझ्या ते लक्षातच आलं नाही की सहा म्हणजे माईची वेळ.

आम्ही सगळे गोठ्यात. लितिया, विली, टोळीतले पाचसहा जण. लितियाने वही उघडली. माझ्याच पद्धतीने समास आखलेला होता. आणि माई आली. नवी साडी, केसांना तेल, हातात लोटा. पाहुण्यांना वाट द्या म्हणाली, मळीच्या पिंपाचं झाकण उघडलं. ते आवाजसुद्धा न करता उघडलं. लोटा भरून पहिल्या पिंपात ओतला.

लितियाचं पेन वहीवरच थांबलं.

"माई," लितिया हळूच म्हणाली, "हे काय घालताय?"

"मळी. न्याहारी ह्यांची. उपाशी पोटी कुणी काम करतं का, पोरी? पहिल्या वेळी बिचाऱ्यांना नुसतं पाचट दिलं, काय झालं माहीत आहे? तेव्हापासून मी रोज एकेक लोटा देते. चौघांना. त्या कोपऱ्यातल्याकडे मला जाता येत नाही, ते तसंच राहतं गरीब."

लितियाने माझ्याकडे बघितलं. "सर, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

मी माईच्या हातातल्या लोट्याकडे बघितलं. 

"त्याला कुठलं ठाऊक!" माई म्हणाली. "तो सातशिवाय उठतो का कधी? मी कशाला सांगू, उगाच ओरडला असता. त्याला काही एक ठाऊक नाही."

पहिला हसला तो विली. त्याच्या तोंडावर काय काय येऊन गेलं ते मी पाहिलं. मग तो हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मग सगळेच हसले. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मॅडम, लिहून घ्या. मास्टर गाढव आहे, चोर नाही."

मी गप्प राहिलो. मी गप्प राहिलो. दोनदा लिहिलं आहे, खाडाखोड करत नाही.

लितियाने गव्हाण ओलांडून आळशीचं स्पिरिट मोजलं. सहाशे वीस. वहीत लिहिलं. मग पाचही पिंपं रिकामी करून, धुऊन, नव्याने भरून घेतली आणि झाकणांना लाखेची सीलं लावली. जाताना माईच्या पाया पडली. मला म्हणाली, "सर, सहाशे वीस खोटं नाही. नुसत्या पाचटातून आलं आहे. पण सहाशे विसावर कुणी कारखाना देत नाही." तिने मला पूर्ण क्षमा केली होती. ते मला सहन होईना.

३ सप्टेंबर

सगळं गाव हसतं आहे. दुकानात पीठ घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "मास्टर, मळी नको का? मंडळींना न्याहारी?" रागावलेलं कुणीच नाही. तोडणाऱ्यांचे हात अजून चिरलेले आहेत आणि त्याच हातांनी ते मला विडी देतात. गाढवाला कोण शिक्षा करतो?

दुपारी माई ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, "माई, तू त्या दिवशी फार बोललीस."

ती मान वर न करता म्हणाली, "तू त्या मंगळवारी पहाटे गोठ्याच्या दाराशी उभा होतास ना? तुझ्या चपला दिसल्या मला दाराखालून."

मी तिथेच खाली बसलो.

"मला वाटलं, बघून गेला, काही बोलला नाही, म्हणजे बरोबरच असेल. मास्टर आहे. मग त्या पोरीचा चेहरा बघितला आणि कळलं, हे घालायचं नव्हतं. आणि तुझाही बघितला." सुपातला खडा काढून तिने अंगणात टाकला. "मग काय म्हणणार होते मी?"

साठ वर्षं दर मंगळवारी रामायण ऐकणारी बाई. भाजीवालीने जास्त परत दिलेली पाच सेंटं द्यायला मैलभर चालत जाणारी. ती खोटं बोलली, एवढ्या माणसांत, नव्या साडीत, आणि ते माझ्यासाठी.

८ सप्टेंबर

आज विलीच्या गावी जायचं होतं. जागा मागितली होती, ती परत करायची, माफी मागायची. त्याचं तो एकटाच करणार होता, शब्द त्याचा म्हणून. मी म्हणालो, मीही येतो. इथे माफी मागताना यांगोनाची मुळं पुढे ठेवतात, त्यांची चांगली जाड जुडी घेतली. माईला सांगितलं नाही. पण निघताना तिनेच माझा धुतलेला शर्ट पुढे केला.

चटईवर सगळे बसले होते, मधोमध विलीचे थोरले काका. मुळांची जुडी त्यांच्यासमोर ठेवली. विली माझ्या वतीने बोलला, मान खाली घालून, त्यांच्या भाषेत. मला सगळं कळत होतं. हा माणूस प्रामाणिक आहे. त्याच्या आईच्या मायेने त्याला फसवलं. त्याला काही ठाऊक नव्हतं. म्हातारे गालात हसले. काका पुढे झुकले आणि त्यांनी हात लांब केला.

त्या हाताचा अर्थ मला ठाऊक आहे, इथे जन्मलो. हात मुळांना लागला की गोष्ट पुरली जाते. पुन्हा तिचा उच्चार कुणी करत नाही, मुलं नाही, नातवंडं नाही. विलीने सांगितलं तेच कायमचं खरं होणार होतं.

"थांबा," मी म्हणालो.

त्या घरात त्या वेळी कुणी बोलत नाही. एक बाई आतून डोकावली. विलीने माझा दंड धरला, "मास्टर, गप."

"मला ठाऊक होतं. अकरा दिवस आधीपासून. मी आईला ओतताना पाहिलं आणि झोपल्याचं सोंग केलं. झाकणाला तेल मी लावलं. ती म्हणाली त्याला ठाऊक नाही, ते खोटं होतं. मला वाचवायला बोलली."

काकांचा हात मुळांपासून वीतभर अंतरावर थांबला होता. तो त्यांनी मागे घेतला, मांडीवर ठेवला.  विलीने माझा दंड सोडला. मी त्याच्याकडे बघितलं तर तो माझ्याकडे बघत नव्हता, स्वतःच्या हातांकडे बघत होता.

शेवटी काका म्हणाले, "ही मुळं उचल. ही तू गाढवपणाच्या माफीसाठी आणली होतीस. त्याला एवढी लागत नाहीत. ह्या दुसऱ्या गोष्टीसाठी दुसरी आण."

मी जुडी उचलली आणि निघालो. विली गाडीपाशी आला नाही. सहा किलोमीटर चालत आलो. वाटेत दोन शेतं पेटलेली होती.

१५ सप्टेंबर

आठवडाभर सगळीकडे जाळ आहे. राख ह्या पानावर पडते, फुंकली की रेघ उमटते. अकरा शेतांपैकी दहा पेटली. दुकानात आता कुणी हसत नाही. मी गेलो की बोलणं थांबतं. बिद्याला फोनवर सगळं सांगितलं. म्हणाली, "मळीचं मी विचारलं होतं." इतकंच.

माईला त्या दिवशी परत आल्यावर सांगितलं होतंच. चिडली. "माझं खोटं चारचौघांत मांडायचं काय कारण होतं? तुझं तेवढं सांगायचं." तिचं खरं आहे, पण एक सांगून दुसरं लपवायचं कसं, ते मला जमलं नाही.

आज लितियाच्या परवानगीने, शाळेच्या हेडमास्तरांसमोर सीलं फोडली. मोजलं. सहाशे दहा, पाचशे नव्वद, सहाशे, सहाशे वीस, सहाशे दहा. पाचही सारखीच. माई गव्हाणीला टेकून बघत होती.

"उपाशी राहून एवढं दिलं?" ती म्हणाली.

"हो, माई."

"मग आळशी कोण होतं?"

मी आकडे उतरवले. लितियाला पाठवले. जूनमधले पहिले आकडेही पाठवले. शिकाऊपणातल्या चुका म्हणून सोडून दिले होते, ते.

दुपारी फाटकाशी गाडीचा आवाज आला. विली. गाडीत हिरव्या उसाचं पाचट गच्च भरलेलं. अकरावं शेत त्याचं आहे, ते त्याने पेटवलं नाही. त्याने पाचट खाली ढकललं, फळी लावली. हातावरच्या रेघा नव्या होत्या. मी ओसरीवरच उभा होतो.

"मुळं आणलीस का दुसरी?" त्याने माझ्याकडे न बघता विचारलं.

"आणली आहेत. चार दिवस झाले. माझ्या वतीने बोलणारं कुणी नाही."

"मी बोलणार नाही."

"ठाऊक आहे."

त्याने गाडीचं दार उघडलं आणि उघडंच धरून ठेवलं. "मी शेजारी बसतो. बोल तू."

मी शर्ट बदलायला आत आलो आहे. तेवढ्यात हे लिहून घेतो आहे. बाहेर माई त्याला विचारते आहे, जेवलास का.